नानांच्या खोल्या कोण बघत होतं

बायकोलासुद्धा हे मी सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही नानांना ओळखत नाही — त्यांच्या समोर बसून चहा घ्यायची वेळ तुमच्यावर येणार नाही.

रत्नागिरीत मी लोकांना वेबसाइट करून देतो. नाना माझ्या वडिलांचे मित्र, आरे-वारेकडचे. अंगातली ताकद गेली तशी होडी भावाला दिली आणि जाळी ठेवायच्या जागेत पर्यटकांना भाड्यानं द्यायला दोन खोल्या काढल्या. त्यांची वेबसाइट मी केली. चांगली केली, खोटं कशाला बोलू? — खोटं पुढे बोललो.

नानांना एकच कळायला हवं होतं: लोक ती बघतात का? बघत असतील तर मुंबईत नोकरीला असलेल्या प्रशांतला, त्यांच्या एकुलत्या मुलाला, घरी बोलवायचं. ही मोजणी करायला वेबसाइटमध्ये एक कोड टाकतात. मी टाकला. कोड नीट बसलाय का, या तपासणीत नापास. पुन्हा टाकला, पान उघडलं, तपासलं — नापास. कितीदा उघडलं असेल ते पान! नाना फोन करायचे, मी 'होतंय, होतंय' म्हणायचो. पुण्याला शिकून आलेला ना मी. मला जमत नाही, हे कुठल्या तोंडानं सांगायचं?

शेवटी चूक सापडली. पहिल्यांदा टाकल्याटाकल्या घाईनं तपासलं म्हणून नापास आला; मग आधीचा कोड न काढताच मी दुसरा चिकटवला होता. मोजत दोन्ही होते, म्हणून तर तपासणी अडत होती. एक काढला आणि हिरवी खूण आली. आकडाही भरघोस. मी हरखलो — आणि मग गावाचा रकाना बघितला. सगळे रत्नागिरीचे. म्हणजे कोण? मीच. दरवेळी तपासायला पान उघडणारा मी, तोही दुप्पट मोजलेला.

त्याच दुपारी नाना आले. मी मोबाइल पुढे केला. गावाच्या रकान्यावर अंगठा ठेवला होता — हो, मुद्दाम.

"एवढी मानसं बघतायत?" नाना म्हणाले. "कुठची रे ही?"

"मुंबई, पुणे," मी म्हणालो.

प्रशांत नोकरी सोडून आला. खोल्या उघडायच्या दिवशी नानांनी नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घातलं — "बा देवा महाराजा, जी मानसं बघतायत ती दारात येऊं देत!" भोवतीचे सगळे ओरडले, "व्हय महाराजा!" मीही ओरडलो. तेव्हा गप्प तरी राहता आलं नसतं का मला?

कुणी आलं नाही. आंब्याचा हंगाम गेला, दिवाळीची सुट्टी गेली. प्रशांत बापाशी भांडून मुंबईला परतला. जुन्या जागी दुसरा माणूस लागला होता. प्रशांत आता कुठल्याशा गोदामात कामाला असतो. बापाचा फोन उचलत नाही.

नाना मला एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. ते स्वतःलाच दोष देतात. "मानसं बघतात आणि जातात," म्हणतात, "म्हणजे आमच्याच घरात काय तरी खोट असणार." म्हणून त्यांनी पडदे बदलले. त्यांच्या बायकोनं, काकूंनी, जपून ठेवलेल्या नव्या चादरी पलंगावर घातल्या. गेल्या आठवड्यात शिडीवर चढून, या वयात, स्वतःच्या हातानं भिंती रंगवल्या. आपलं घर बघून माणसं तोंड फिरवतात, असं त्यांना वाटतं. ते कुणी बघितलेलंच नाही, हे एका वाक्यात सांगता येईल. ते वाक्य मी बोललेलो नाही. बोलेन असंही वाटत नाही.

रंगवलेल्या खोलीचा फोटो त्यांनी काल पाठवला. मी तो वेबसाइटवर चढवला. नीट दिसतोय ना, म्हणून पान उघडून बघितलं.

आकडा एकानं वाढला.