नवस नव्हता

नंदाखाल गावातल्या आमच्या वाडीतून पूर्वेकडे पाहिले, की केळीच्या पानांच्या वर तुंगारचा डोंगर दिसतो. गावाला त्याचे दोनच उपयोग ठाऊक होते. माथ्यावर ढग टेकले, की उन्हात वाळत घातलेली केळी, म्हणजे आमची सुकेळी, लगबगीने आत घ्यायची. आणि महाशिवरात्रीला किंवा श्रावणातल्या एखाद्या सोमवारी त्याच्या कुशीतल्या महादेवाचे दर्शन घेऊन, दिवस मावळायच्या आत घरी परतायचे. माझे वडील म्हणत, "डोंगर पाऊस सांगायला असतो, चढायला नाही."

मी चढत असे. सत्तरचे दशक सरत आले होते, मी नुकताच नोकरीला लागलो होतो, आणि सुट्टी मिळाली की दोन मित्रांसह देवळाच्याही वर, पठारापर्यंत जात असे. पठाराच्या पश्चिम कडेला गवत कापणाऱ्यांची एक खोप होती. कारवीच्या कुडाच्या भिंती, वर गवताचे छप्पर, मध्यभागी तीन दगडांची चूल. कापणीचा हंगाम सोडला तर ती रिकामी असे. पायथ्याच्या पाड्यावरची एक म्हातारी तिची राखण करी. तिने आम्हाला तिथे राहू दिले ते एवढेच बजावून: "जाळाल तेवढी लाकडं परत ठेवा. आणि दार लावा, नायतर गुरं आत हागतात."

त्या खोपीत मी सगळे ऋतू पाहिले. आषाढात छप्पर इतक्या ठिकाणी गळे, की आम्ही रात्रभर कोरड्या जागेच्या मागे सरकत राहायचो आणि पहाटे तिघेही चुलीभोवती एकमेकांच्या अंगावर येऊन ठेपायचो. बाहेर धुके एवढे दाट, की दाराबाहेर धरलेला हात परका वाटे. मार्गशीर्षात गवत पिवळे पडे, सकाळी त्यावरचे दव पायजमा गुडघ्यापर्यंत भिजवी, आणि थंडी अशी, की खाली वाडीत कधी न लागलेली भूक तिथे लागे. चैत्रात ओढे आटत. पाणी पायथ्यापासून वाहून न्यावे लागे आणि कातळ सूर्यास्तानंतरही तव्यासारखा तापलेला राही. आमची शिदोरी बहुधा भाकरी आणि सुकेळी. केळीच्या वाळल्या पानात बांधलेली ती पुरचुंडी ओझ्याला हलकी आणि पोटाला जड.

गावात मात्र एकच प्रश्न होता: कशाला? आगाशीच्या बाजारात एस.टी.ची वाट पाहत उभा राहिलो, की ओळखीचे कोणी तरी हटकायचेच.

"काय रे, वर सोनं पुरलंय का?"

"सोनं कसलं!" दुसरा म्हणायचा. "बाटली पुरलीय, बाटली."

मी हसत असे. वाद घालणे माझ्या स्वभावात नाही. मी क्षमा मागणारा माणूस आहे. चूक दुसऱ्याची असली तरी आधी माझ्या तोंडून 'चुकलं' निघते. आता पन्नाशी ओलांडल्यावर रोज संध्याकाळी आपल्या वागण्याची उजळणी करण्याची सवय लागली आहे, आणि त्या उजळणीतून फारसे काही सुटत नाही. एक गोष्ट मात्र मी त्यातून कायमची वगळली आहे. तिच्याबद्दल मी क्षमा मागितली नाही आणि मागणारही नाही.

वडील गेल्यानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यातली गोष्ट. मी डोंगरावरून परतलो होतो आणि आई ओट्यावर बसून माझ्या सदऱ्यात रुतलेली कुसळे एकेक करून काढत होती. मध्येच तिने विचारले, "इथून तो रोज दिसतो. तिथून आपण दिसतो का रे?"

मी सांगितले, की संध्याकाळी काहीच दिसत नाही. सूर्य समोर असतो आणि समुद्राची चकाकी सगळे पुसून टाकते. पण सकाळी सूर्य आपल्या पाठीशी येतो. तेव्हा मिठागरे, वाड्यांचा हिरवा पट्टा, पलीकडचा समुद्र, सगळे स्वच्छ दिसते.

"म्हणजे रात्री तिथेच राहायला हवं."

"हो."

"मग मला ने."

मला ती थट्टा वाटली. पुढे सबंध पावसाळाभर तिने तो विषय काढला नाही. दिवाळी झाली, गवताची कापणी उरकली, आणि एका सकाळी आईने विचारले, "खोप रिकामी झाली असेल ना आता?" तेव्हा मला कळले, की थट्टा मी समजलो होतो. ती करत नव्हती.

अडचण पाण्याची होती. आमची आणि थोरल्या काकांची वाडी लागूनच. मधे एक बांध, आणि विहीर दोघांत एक. विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीची किल्ली काकांकडे असे. आमची केळीची नवी लावणी नुकतीच झाली होती. रेताड जमिनीत त्या कोवळ्या रोपांना रोज पाणी लागते. आम्ही दोघे नसताना दोन दिवस ती शिंपायची कोणी, हे विचारायला मी काकांकडे गेलो. आईही आली आणि दारात उभी राहिली.

इथे एक रीत सांगायला हवी. थोरला दीर धाकट्या भावाच्या बायकोशी थेट बोलत नसे, आणि तीही त्याच्याशी बोलत नसे. दोघे समोरासमोर असले तरी निरोप तिसऱ्यामार्फत जाई. त्या दिवशी तो तिसरा मी होतो. (घरातली आमची बोली वेगळी, ती मी इथे सर्वांना समजेल अशी लिहितो आहे.)

काका सुपारी कातरत होते. "तुझ्या आईला विचार, देवळात शिवरात्रीला जाऊन आली ना?"

"देवळात नाही, काका. वर, पठारावर."

"वर कुठला देव आहे?"

"कुठलाच नाही."

"मग कशाला?"

काकू आतून चहा घेऊन आली आणि तिथेच रेंगाळली. काकांनी सुपारी तोंडात टाकली. ते दुष्ट नव्हते. गावात तोंड दाखवायचे होते, एवढेच. थोडा विचार करून त्यांनी वाट काढली.

"असं कर. तिचा नवस होता म्हणून सांगू. नवरा आजारी असताना बोलली होती, तो फेडायला चाललीय. मग कोण काय बोलेल? पाणी मी घालतो दोन दिवस."

मला हायसे वाटले. मी 'बरं' म्हणणारच होतो. आजही मला तो शब्द जिभेवर आलेला आठवतो. पण दारातून आवाज आला.

"भाऊजी, नवस नव्हता."

सबंध आयुष्यात त्यांच्याशी थेट बोललेले तिचे ते पहिले वाक्य असावे. काकांचा अडकित्ता थांबला.

"ते आजारी असताना मी देवाकडे मागायचं ते मागितलं, ते माझ्याजवळ आहे. त्यात हे मिसळणार नाही. मला बघायचंय म्हणून मी जातेय."

काका माझ्याकडे बघूनच म्हणाले, "तिला सांग, नुसतं बघायला जाणाऱ्याच्या वाडीला माझ्या मोटारीचं पाणी नाही."

"ऐकलं मी," आई म्हणाली.

आम्ही गेलो. आदल्या दिवशी तिने हाताने शिंपता येईल तेवढे शिंपले, रोपांच्या बुंध्याशी केळीच्या वाळल्या पानांचा थर घातला, आणि सकाळी काकूच्या दारावरून, सगळ्यांना दिसेल असे, आम्ही निघालो. विरारपर्यंत एस.टी., तिथून मिळेल त्या वाहनाने डोंगराचा फाटा, आणि पुढे पायी. देवळाशी तिने हात जोडले; आत मात्र गेली नाही. "आत गेले तर म्हणतील, देवालाच आली होती," ती म्हणाली. तिचा तो हट्ट मला त्या वेळी जास्त वाटला होता. आज वाटत नाही.

चढणीवर ती दमली, पण तिने मला एकदाही हात मागितला नाही. लुगड्याचा काष्टा घट्ट मारून ती अशी चालत होती, जशी वाडीत डोक्यावर पाण्याची घागर घेऊन चाले: सावकाश, आणि थांबल्याशिवाय. खोपीत पोचल्यावर तिने आधी चूल सारवायला माती मागितली. मी म्हटले, "आई, आपण एका रात्रीचे पाहुणे आहोत." ती म्हणाली, "मग काय, पाहुण्यांनी घाणेरड्या चुलीवर जेवायचं?" त्या रात्री तिच्याएवढी गाढ झोप मला लागली नाही.

सकाळी आम्ही कडेवर उभे राहिलो. सूर्य पाठीमागून वर आला आणि खालचे एकेक उजळू लागले. आधी मिठागरांचे पांढरे तुकडे. मग खाडीची वळणे. मग समुद्राच्या आधी, लुगड्याच्या काठासारखी, हिरवी गर्द पट्टी. आईने डोळ्यांवर हात धरला.

"आपली वाडी कुठली?"

मी बोट केले. "ती बघ, तिथे, जरा डावीकडे…"

"उगाच बोट दाखवू नकोस. दिसत नाही तर दिसत नाही म्हण."

"दिसत नाही," मी म्हणालो.

ती बराच वेळ पाहत राहिली. नंतर म्हणाली, "बांधसुद्धा दिसत नाही." आणि मोठ्याने हसली. वडील गेल्यापासून तशी हसलेली मी तिला पाहिली नव्हती.

परतलो तेव्हा नव्या लावणीने माना टाकल्या होत्या. काकांनी शब्द पाळला होता. आईने अंगावरचे लुगडेही न बदलता बावखलातून, म्हणजे वाडीतल्या साठवणीच्या डबक्यातून, बादल्या उपसायला सुरुवात केली. मी रोपांच्या आळ्यांत ओतत गेलो. बांधापलीकडून काकांनी हाक दिली, ती अर्थात मला.

"काय रे, मिळालं का बघायला?"

"मिळालं, भाऊजी," आईने वाकलेल्या कमरेनेच उत्तर दिले. तेव्हापासून ती त्यांच्याशी थेटच बोलू लागली.

काही रोपे गेली. उरलेली मागे पडली आणि त्यांचे घड लहान आले. गावात बोलायला विषय झाला: विधवा बाई, रात्र डोंगरावर, आणि वाडी वाळली. मी स्वतःला पुष्कळदा विचारले आहे, की नवसाचा तो एक शब्द उच्चारला असता तर काय बिघडले असते. रोपे वाचली असती, चुलत घरी जाणे-येणे टिकले असते. हे सगळे मी मान्य करतो. तरीही उत्तर बदलत नाही. आपल्याला काही पाहावेसे वाटले, हे कारण आईला पुरेसे वाटले होते. ते अपुरे आहे असे म्हणण्याचा अधिकार कोणाचा, ते मला अजून कोणी सांगितलेले नाही.

पुढल्या पावसाळ्यात ती पुन्हा आली, गळक्या छपराखाली आमच्याबरोबर सरकत राहिली, आणि काहीही न दिसणाऱ्या धुक्याकडे पाहून म्हणाली, "हेही बघायला पाहिजे होतं."

त्यानंतरच्या फाल्गुनात आमची तयारी चाललेली पाहून काकू बांधाशी आली. काका ऐकतील एवढ्या अंतरावर होते.

"तिथून आपण दिसत नाही म्हणतेस गो. मग इथून तू तरी दिसशील का?"

आईने क्षणभर विचार केला. "दिवेलागणीला विहिरीशी उभ्या राहा, जाऊबाई. मी जाळ करते."

त्या संध्याकाळी आम्ही खोपीपासून दूर, उघड्या कातळावर लाकडे रचली. भोवतालचे सुके गवत मी आधी उपटून काढले. आई पाण्याची कळशी घेऊन शेजारी बसली. जाळ चांगला पुरुषभर उंच गेला. खाली अंधारात एकेक दिवा लागत होता. त्यांतला आमचा कुठला ते कळणे शक्य नव्हते, आणि आईनेही विचारले नाही. जाळ पुरता विझेपर्यंत ती पश्चिमेकडे तोंड करून बसली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरी आलो तर काका-काकू दोघे विहिरीवरच होते.

"दिसला गो!" काकूने लांबूनच सांगितले. "एवढासा, पण दिसला."

काका मोटारीच्या खोलीच्या दाराशी किल्ली फिरवत होते. "फाल्गुन आहे. वणवा असेल कुठला तरी."

"वणवा पसरतो," काकू म्हणाली. "हा एका जागी होता."

काकांनी मोटार चालू केली. तिच्या धडधडीत कोणाचे कोणाला ऐकू येईना. काकू मात्र बांधावर चढली आणि दोन्ही हात तोंडाशी धरून आईला ओरडून म्हणाली, "पुढच्या वेळी लाकडं जरा जास्त टाक!"