पोटाला कळलेली लाट

रास्मी माझा धाकटा भाऊ. वल्हं धरायला मी शिकवलं, मासा चिरायला मी शिकवलं. फुगायला मात्र तो पाद्रीबुवांकडे शिकला.

हे बुवा एडिंबराहून आमच्या शेटलंड बेटांवर शब्द गोळा करायला आलेले, पोरं शिंपले गोळा करतात तसे. त्यांनी रास्मीला सांगितलं, इंग्रजीतला 'बिलो', म्हणजे फुगत येणारी मोठी लाट, नॉर्वेच्या जुन्या दर्यावर्दींच्या 'बिल्ग्या'वरून आला. इंग्रजीतलं पोट, 'बेली', आणि लोहाराचा भाता, 'बेलोज', त्याचेच भाऊबंद, सगळी फुगणारी जमात. झालं. रास्मी बटाटे सोलतानाही बिलो सांगायला लागला. वर बुवांनी त्याला मदतनीस म्हणून एडिंबराला न्यायचं कबूल केलं. मी अडवलं नाही. इतकंच म्हणालो, तिकडे लाट कागदावर असते, भिजायची भीती नाही.

जायच्या आदल्या दिवशी तो शेवटचा म्हणून आमच्या होडीवर आला. किनारा दिसेनासा झाला आणि हा म्हणतो, "पाद्रीबुवा सांगत होते..."

सगळी वल्ही थांबली. समुद्रावर पाद्र्याचं नाव काढायचं नाही, हे आमच्याकडे पाळण्यातलं पोर जाणतं. अगदीच अडलं तर 'काळ्या डगल्यावाला' म्हणायचं. अर्ध्या तासात धुकं उतरलं.

"आता विचार तुझ्या शब्दाला, घर कुठाय," मी म्हणालो.

होकायंत्र आम्ही बाळगत नाही. वरच्या लाटा वाऱ्याच्या. त्यांच्याखालून एक संथ फुगवटा किनाऱ्याकडे जातो, ती आईलाट. ती पायांना कळते. माझे पाय चाळीस वर्षांचे मुरलेले. ते म्हणाले, डावीकडे.

रास्मी तळाशी पालथा पडला, पोट फळ्यांना लावून. सगळे हसले, पहिला मी. बऱ्याच वेळानं म्हणाला, "दादा, उजवीकडे घे. डावीकडून लाट उलटी येतेय, तिकडे खडक आहेत."

मी डावीकडेच घेतली. थोड्याच वेळात पुढ्यात खडकांवर पाणी फुटल्याचा आवाज आला. मी मुकाट्यानं सुकाणू उजवीकडे फिरवलं. घर लागेपर्यंत सगळे दिशा रास्मीलाच विचारत होते. त्यापेक्षा शिव्या बऱ्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बुवा ट्रंक घेऊन धक्क्यावर वाट बघत उभे, आणि रास्मी आमच्या होडीत, सुकाणूपाशी.

"ऊठ, ती माझी जागा."

"काल होती, दादा. वल्हं घे."

घेतलं. वल्हं तरी मीच तासलेलं होतं.