डावीकडच्या सीटवरून

फ्रान्समध्ये गाडी मी चालवणार आहे, हे आमच्या लंडनजवळच्या पिनरमधल्या सगळ्या ओळखीच्यांना माहीत होतं. साताऱ्याला, माझ्या सासूबाईंना, मात्र नव्हतं. दर रविवारी फोनवर त्या मुलाला बजावत, "मंदार, परका देश आहे, गाडी जपून चालव रे बाबा." आणि माझा नवरा "हो आई" म्हणून मोकळा होई. शेजारी बसून ते ऐकताना मला रागच यायचा.

त्याची अडचण मला कळत होती. गाडी त्याला वडिलांनी शिकवलेली. ते गेल्यापासून त्यांची गाडी साताऱ्याच्या अंगणात कव्हर घालून उभी आहे, शेजारचे एक गृहस्थ अधूनमधून येऊन चालू करून देतात. त्या घरात गाडी बापाची, मग मुलाची. आणि पुण्यात वर्षानुवर्षं गाडी हाकलेला हा मुलगा इथली टेस्ट दोनदा नापास झाला होता. पहिल्यांदा तो आपल्याकडच्यासारखा नाक खुपसून राउंडअबाउटमध्ये घुसला. दुसऱ्यांदा पुढच्याला हॉर्न मारून बाजूला व्हायला सांगितलं. मला जुन्या सवयीच नव्हत्या, मी पहिल्या फटक्यात पास झाले. हे मी कुणालाही सांगते, न विचारता सांगते.

हिवाळाभर आमच्या जेवणाच्या टेबलावर फ्रान्सचा नकाशा पसरलेला होता, ताटं मांडीवर घ्यावी लागत. व्हिसासाठी हॉटेलं आधी ठरवायची, म्हणजे रस्ताही आधीच ठरवायचा. मंदार ब्रॅकनेलच्या ऑफिसातून दमून आला, की मी त्याला रूआँ आणि शार्त्र ही जुनी गावं दाखवी. मला मोटरवे नको होते, शेतांमधले बारीक रस्ते हवे होते. मैत्रिणी म्हणत, "कोचने, टूरच्या बसने जा ना, सगळं इन्क्लुडेड असतं, गुजराती जेवणसुद्धा."

हॅरोचे देशपांडेकाका तेवढे आमच्या बाजूचे. जन्म गेला त्यांचा या देशात. नकाशावर बोट ठेवून म्हणाले, "अनघा, आपली गाडी राइट हँड ड्राइव्ह, आणि तिकडचं ट्रॅफिक उजवीकडून. कंट्री रोडवर ट्रॅक्टरमागे अडकलीस की समोरून काय येतंय ते तुला दिसणारच नाही. ते डावीकडच्याला दिसेल. मंदार, तू 'जा' म्हणायचं, मगच तिनं जायचं."

मंदार शेजारी बसला की त्याच्या पायाखाली नसलेला ब्रेक दाबत असतो.

जूनमध्ये निघालो. डोव्हरला बोटीत चढण्याआधी समोरच्यांच्या डोळ्यांवर उजेड जाऊ नये म्हणून हेडलाइटवर काळे स्टिकर चिकटवले, डिकीत पुऱ्यांचा डबा ठेवला. कॅलेला उतरल्यावर पहिला राउंडअबाउट उलट्या दिशेनं घेताना मी देवाचं नाव घेतलं, तेही मोठ्यानं. रूआँपर्यंत मात्र मोटरवे घ्यावाच लागला, आणि पेआजचं (टोलनाक्याचं) यंत्र डावीकडे. तिकीट काढायचं काम मंदारचं, आणि पहिलंच तिकीट त्यानं वाऱ्यावर घालवलं. तो गाडीच्या पुढून पळत ते पकडायला गेला, मी हसू आवरत बसले.

रूआँची लाकडी पट्ट्यांची घरं एकमेकांवर रेलून उभी आहेत. ती बघण्यात जेवायची वेळ टळली, आणि पुढच्या खेड्यात दुपारी सगळंच बंद, बुलांजरीसुद्धा (पावाचं दुकान). चर्चच्या पायरीवर आम्ही तिखटमिठाच्या पुऱ्या उघडल्या. समोरच्या घरातून एक आजी चेरी घेऊन आल्या. पुरी चाखून त्यांनी डोळे पुसले, तरी दुसरी घेतली. मग आमच्या गाडीत डोकावल्या, उजवीकडचं स्टिअरिंग पाहिलं, आणि हातांनी चाक फिरवून मंदारकडे बघत विचारलं, तू?

मंदारनं माझ्याकडे बोट केलं. "नो. मादाम."

आजींनी माझ्या खांद्यावर थाप मारली. आईला जे सांगवेना, ते या अनोळखी बाईला किती सहज सांगितलं त्यानं, असं मनात आलं. पण बरं वाटलं, हेही खरं.

शार्त्रच्या वाटेवर तो ट्रॅक्टर भेटलाच. मागे गवताचे भारे, मला समोर फक्त गवत. आमच्यामागे गाड्यांची रांग.

"थांब," मंदार म्हणाला. "थांब. अजून थांब."

"मंदार, संध्याकाळ होईल."

"ट्रक येतोय. जाऊ दे त्याला." मग शांतपणे, "मोकळा आहे रस्ता. जा."

मला काहीही दिसत नव्हतं. मी गेले. ट्रॅक्टर मागे पडला, आणि समोर गव्हाच्या शेतातून शार्त्रच्या चर्चचे दोन मनोरे वर आलेले दिसले. गाव कुठेच दिसत नव्हतं, नुसते मनोरे. इथवर मी गाडी आणली, या विचारानं माझा ऊर भरून आला. मंदारचे दोन्ही पाय स्वस्थ होते.

परतल्यावर रविवारी फोन आला. "नीट चालवलीस ना रे?"

मंदारनं माझ्याकडे पाहिलं. "मी नाही चालवली, आई. अनघानं चालवली, सगळी. इथली टेस्ट मी दोनदा नापास झालोय. मी नुसता डावीकडे बसून 'जा' म्हणत होतो."

पलीकडून एवढंच, "तिला दे फोन."

मी धास्तावूनच घेतला.

"भीती नाही वाटली?" त्यांनी विचारलं.

"वाटली ना, आई. अजून वाटते."

"असं होय." मग म्हणाल्या, "दिवाळीला याल तेव्हा मला शिकव. आपल्याच अंगणातली गाडी चालू करायला शेजाऱ्यांना हाका मारून कंटाळले मी."

"शिकवते," मी म्हणाले. "डावीकडे मी बसेन."