बोटांना आलेल्या मुंग्या

सांगलीत मी ज्याच्याकडं नेहमी दाढी करतो, त्या सलूनवाल्याच्या बोटांना हल्ली मुंग्या येतात. कारण मात्र रोज नवं. "आवं, हातावर झोपलो हुतो." परवा मोबाइल, काल थंडी. मानेची शीर दबली असेल, साखर वाढली असेल, डॉक्टरांना दाखव, असं सांगून मी थकलो. "जातो की," म्हणायचा, हात झटकायचा आणि पुन्हा वस्तरा धरायचा. तोही माझ्या गळ्यावर!

आज अर्ध्या दाढीवर त्यानं वस्तरा खाली ठेवला.

"समोरच्या दुकानात चला. माझ्या बोटास्नी वस्तरा कळंना झालाय."

समोरच्या सलूनवाल्याशी त्याचं बोलणंसुद्धा नाही, आणि हा मला हाताला धरून तिकडं न्यायला निघाला. माझं डोकंच फिरलं. तोंडावरचा फेस पुसला, त्याला स्कूटरवर बसवलं आणि थेट दवाखाना गाठला.

तिथंही तेच. "लय काय न्हाई डॉक्टर, च्या कमी केला की जाईल."

डॉक्टरांनी त्याला डोळे मिटायला लावले आणि ते त्याच्या एकेका बोटाच्या टोकाला हलकेच सुई टोचत गेले. तो शांत बसून होता. शेवटी कंटाळून म्हणाला, "टोचा की आता. कवा टोचताय?"

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. मला त्याच्यावर चिडताच येईना.