कार्टूनवर काढलेलं वर्ष

गेल्या वर्षी मी गेम आणि ॲनिमेवर, म्हणजे जपानी ॲनिमेशन मालिकांवर, मराठीतून ब्लॉग सुरू केला, तेव्हा पहिल्याच लेखात मातृभाषेवर तीन परिच्छेद झोडले होते. जपानी कला मराठी घराघरांत पोचली पाहिजे, वगैरे. परवा वर्षाचा आढावा घ्यायचा म्हणून ते पुन्हा वाचले आणि कानशिलं तापली. खरं कारण एवढंच होतं की आमचे अण्णा, म्हणजे वडील, इंग्रजी वाचत नाहीत.

अण्णा सोलापूरकडून आले, पिंपरीत लेथवर उभे राहिले आणि रिटायर होऊनच खाली बसले. आता दापोडीच्या आमच्या दोन खोल्यांत ते रोजचा पेपर निविदा आणि श्रद्धांजलीसकट वाचून काढतात. कधी न पाहिलेल्या माणसाच्या दशक्रियेची वेळ त्यांना तोंडपाठ असते. मी मात्र मोबाईलवर काही बघत बसलो की ते आईला विचारतात, "झालं का त्याचं कार्टून?" मी इंजिनिअर, चाकणच्या कंपनीत क्वालिटीला, लग्नाच्या बाजारात उभा, आणि घरात माझी ओळख ही. या माणसाने माझा एक लेख वाचावा आणि "यात काहीतरी हाय," एवढं म्हणावं, यासाठी मी वर्षभर लिहिलं. भाषाप्रेम नंतर चिकटवलं.

प्रत्येक लेखाची लिंक मी त्यांना व्हॉट्सॲपवर पाठवायचो. निळ्या टिका यायच्या, आणि उत्तरादाखल कुस्तीचा व्हिडिओ यायचा. कुठल्यातरी जत्रेतलं मैदान, हलगी, आणि माइकवर घसा फोडणारा निवेदक. मी त्या प्रकाराला "माती" म्हणतो. अण्णांसमोरही म्हणतो. एकही व्हिडिओ मी उघडला नाही, पण निळ्या टिका मात्र मीही देत होतो.

बाकीच्या वाचकांचं काय सांगावं? कंपनीच्या बसमध्ये शेजारी बसणारा परभणीचा मित्र दर सोमवारी खांद्यावर थाप मारून सांगायचा, "राव, वाचलं न्हाई, पण लाईक ठोकलंय." अर्धी मंडळी गेममधले डायमंड फुकटात कसे मिळतील ते विचारायची. हिंजवडीतला एक आयटीवाला तेवढा मन लावून वाचायचा आणि माझं कुठं कुठं चुकलं ते माझ्या लेखापेक्षा लांब लिहून कळवायचा. तो हे सगळं कॅबमध्ये अडकून लिहितो, असं त्यानेच एकदा सांगितलं. तिथली कोंडी सुटली असती तर माझा एकमेव अभ्यासू वाचक गेला असता.

आणि मी तरी काय लिहीत होतो? दिवसभर मी कंपनीत गाड्यांचे लोखंडी ब्रॅकेट तपासतो. हा ओके, हा रिवर्क, हा रिजेक्ट. घरी येऊन ब्लॉगवर तेच. कथा सात, चित्रं नऊ, संगीत आठ. एका मालिकेत एक मुलगा आई गेल्यावरही तिच्या भिजलेल्या चपला रोज उन्हात ठेवतो. ते बघून मी मोरीत जाऊन, नळ सोडून रडलो होतो. लेखात लिहिलं, "भावनिक बाजू भक्कम. दहापैकी साडेआठ."

पावसाळा सरता सरता एचआरच्या मॅडमनी बोलावलं. ब्लॉग त्यांच्यापर्यंत पोचला होता. मला वाटलं, गेली नोकरी. तर त्या हसून म्हणाल्या, "तुम्हाला जपानी येतं, हे सांगितलं नाही कधी! जपानहून मोठे साहेब येतायत, स्वागताला तुम्हीच."

"मॅडम, मी खालची इंग्रजी पट्टी वाचून बघतो."

"पण बघता ना? मग झालं."

आमच्याकडे काम कुणी करायचं हे असंच ठरतं. पाहुणे आले त्या दिवशी मला फेटा बांधला. तो एवढा घट्ट होता की भुवया वर ओढल्या गेल्या आणि मी दिवसभर चकित दिसत होतो. मोबाईलवरून पाठ केलेलं एक स्वागताचं वाक्य मी दातओठ खात म्हटलं, कारण मी ऐकलेले सगळे जपानी लोक लढाईच्या आधीच बोलतात. साहेबांनी कमरेत वाकून शांतपणे ऐकून घेतलं आणि मराठीत विचारलं, "जेवण झालं का?" पूर्वी चार वर्षं ते चाकणलाच होते. मॅडमनी हे कुणाला विचारलंच नव्हतं.

दुपारी कँटीनमध्ये ते ताट घेऊन माझ्यासमोर येऊन बसले. माझ्या ब्लॉगचं त्यांना कौतुकाने सांगितलं गेलं होतं. ते मोडक्या इंग्रजीत म्हणाले, की ते स्वतः ॲनिमे बघत नाहीत. त्यांचा मुलगा बघतो. दार लावून बघतो, जेवणाचं ताटही खोलीत नेतो, बापाशी फारसं बोलत नाही. मग त्यांनी चमचा खाली ठेवला आणि विचारलं, "त्यात काय दिसतं तुम्हाला?"

वर्षभर मी ज्या प्रश्नाची वाट बघत होतो तो हाच होता. विचारणारा बापच होता, फक्त दुसऱ्याचा. आणि माझ्या डोक्यात नुसते आकडे. सात, नऊ, आठ. मला स्वतःची एवढी चीड कधी आली नव्हती. शेवटी सुचलं ते बोललो, "तुम्ही त्याच्या शेजारी बसून बघा. काही विचारू नका."

"त्याला वाटेल, मी रागवायला आलो," असं ते म्हणाले. तेवढ्यात मॅडमनी आमचा फोटो काढला. दोन देशांमधला संवाद म्हणून तो नोटीस बोर्डावर अजून आहे.

त्या संध्याकाळी घरी पोचलो तर अण्णा कॉटवर, मोबाईल पाण्याच्या तांब्याला टेकवलेला, आणि हलगीचा आवाज पार जिन्यापर्यंत. माझ्या कपाळावर फेट्याचा वळ तसाच होता. साहेबाला शहाणपण शिकवून आलो होतो, त्यामुळे आत जाऊन कार्टून लावायची लाज वाटली. बूट काढले आणि अण्णांच्या शेजारी बसलो.

पडद्यावरची नजर न काढता ते म्हणाले, "काय रं, रिचार्ज संपला का?"

"नाही," मी म्हटलं. "बघायला बसलोय."

त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं, कॉटवर थोडे सरकले, आणि निम्म्यावर आलेली कुस्ती पुन्हा पहिल्यापासून लावली.