फौजी जनरेटर आणि हसनचाचा

दोरी ओढली की इंजिन लगेच सुरू होई, पण जोडलेला बल्ब काही पेटत नव्हता.

पेट्रोलवरचा हा छोटा जनरेटर दुसऱ्या महायुद्धात फौजेच्या टेलिफोनवाल्यांनी वापरलेला. दोघांनी उचलून न्यावा एवढाच. आमच्या रत्नागिरी टेलिफोन एक्स्चेंजच्या बॅटऱ्या चार्ज करणारं इंजिन बिघडलं, म्हणून साहेबांनी स्टोअरमधून हा बाहेर काढायला लावला. पन्नासच्या दशकातली गोष्ट. मी नुकताच ट्रेनिंग संपवून मेकॅनिक झालो होतो. मदतीला वयस्कर लाइनमन हसनचाचा.

आठवडाभर आम्ही खपलो. खाऱ्या हवेनं गंजलेला कार्बोरेटर चाचांनी रॉकेलमध्ये धुतला. मी कॉइल उन्हात सुकवल्या. तरी वीज येईना.

जनरेटर वर्षानुवर्षं पडून राहिला की त्याच्या लोखंडात उरलेलं थोडंसं चुंबकत्वही जातं. त्यावाचून वीज तयार होत नाही. मग बाहेरची बॅटरी क्षणभर लावून ते परत आणायचं. मी लावली. बल्ब पेटला.

"मीटर लावून बघ ना," चाचा म्हणाले. "प्लस कुठं, मायनस कुठं?"

"बल्ब पेटलाय, चाचा. आणखी काय बघायचं?"

बल्ब उलट्या विजेवरही पेटतो. मी बॅटरी उलटी लावली होती, त्यामुळे जनरेटरचा प्लस मायनस झाला होता. मी सांगितलं तशी चाचांनी एक्स्चेंजच्या बॅटऱ्यांची तांबडी तार जनरेटरच्या तांबड्या टर्मिनलला जोडली. स्विच टाकताच तारा धुमसल्या. बॅटरीचा एक सेल फुटला आणि ॲसिड चाचांच्या हातावर उडालं. गावातले फोन दोन दिवस बंद.

साहेब धावत आले. "कनेक्शन कुणी केलं?"

"हसनचाचांनी," मी म्हणालो. शब्दशः ते खरं होतं.

चाचा हातावर पाणी ओतत होते. "साहेब, तांबड्याला तांबडीच लावलीय मी," एवढंच बोलले आणि माझ्याकडे बघत राहिले. मी खाली वाकून जळक्या तारा सोडवू लागलो.

शिक्षा म्हणून त्यांची बदली दापोलीकडे झाली. त्यांची बायको घरी आजारी होती. चार दिवसांनी मी साहेबांना खरं काय ते सांगितलं.

"ऑर्डर निघाली. तेव्हाच का नाही बोललास?"



वर्षभरानं लाइनच्या कामाला दापोलीजवळच्या मुरुडला गेलो, तेव्हा तिथं असलेल्या चाचांनी चहा पाजला. कप देताना त्यांच्या हातावरचे पांढरे डाग दिसले. मी माफी मागितली.

"तू बॅटरी उलटी लावलीस, हे मला त्याच दिवशी कळलं होतं," ते म्हणाले. "तू बोलशील म्हणून मी थांबलो होतो."

पुढे नोकरीभर मी प्रत्येक नव्या मेकॅनिकला सांगत आलो, बल्बवर विसंबू नका, मीटर लावा. असं का, ते मात्र कुणाला सांगितलं नाही.