कॉम्प्युटरनं मोडलेली कमान

माझे सासरे, नाना, सरकारी बँडात क्लॅरिनेट वाजवून निवृत्त झाले. आता धुळ्यात देवपूरच्या आमच्या गच्चीवर त्यांचा आणि त्यांच्यासारख्याच चार म्हाताऱ्यांचा बँड जमतो. त्यांचं नोटेशन मी लॅपटॉपवर करून देते. माहेरी, जळगावला, मी शाळेत संगीत शिकवायचे, एवढंच माझं पाप.

या कामातली सगळ्यात हरामखोर वस्तू म्हणजे स्लर. स्वरांवर काढलेली कमान. तिच्याखालचं सगळं एका दमात वाजवायचं. सॉफ्टवेअर ती स्वतःच्या मर्जीनं टाकतं. कधी स्वरांच्या पोटातून आरपार, कधी ओळ संपली तरी हवेत लोंबती. एक ओढून नीट बसवावी, तर शेजारची रुसून उलटी होते. नानांच्या नातीच्या, म्हणजे माझ्या भाचीच्या, लग्नात वाजवायच्या धूनसाठी मी आठवडाभर डोळे फोडून एकेक कमान जागेवर आणली.

कागद छापून दिले, तर नाना स्वयंपाकघरात हजर. पहिल्या ओळीतल्या सगळ्यात लांब कमानीवर बोट ठेवून हळूच म्हणाले, "हाई मधमा तोड. माले दम पुरत नही."

जन्मभर कमान तोडणाऱ्याला शिव्या घालत आलेला माणूस! मला एकदम भरून आलं.

"तुमच्या एकट्याच्या कागदावर तोडली तर तुम्ही थांबाल आणि बाकीचे वाजवत राहतील," मी म्हटलं. "सगळ्यांचीच तोडावी लागेल. त्यांना काय सांगणार?"

नानांचं ठरलेलं होतं. "सांगसूत, कॉम्प्युटरनी चूक शे."

म्हणजे माझी. भरून आलेलं सगळं जागच्या जागी ओसरलं. तरी बसले आणि पाचही कागदांवरची कमान तोडली.

तालमीत नानांनी खरंच तसं सांगितलं, वर "आते जशी शे तशी वाजाडा" म्हणून मोकळे झाले. सगळ्यात जास्त तडकले ट्रम्पेटवाले आबा. हातानं लिहिलेल्या कागदांचे गोडवे त्यांनी मला ऐकू जाईल अशा आवाजात गायले. मी चहाचे कप आदळत होते. पण धून सुरू झाली, तोडलेल्या जागी सगळ्यांनी एकदम दम घेतला आणि नाना ओळ पार करून गेले. चेहरा लालबुंद, सूर मात्र शाबूत.

तालीम संपल्यावर आबा रिकामा कप ठेवायला माझ्यामागून खाली आले. नाना अजून गच्चीवरच आहेत ना, हे जिन्यात डोकावून पाहिलं. मग खिशातून घडी केलेला कागद काढून माझ्यापुढे धरला.

"तिसरी लाईनमा बी एक चूक करी दे ना माय."